उजव्या बाजूचा आवाज

बाबा,

तुमचा आवाज मी खाली घेतला आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी हे माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहायला बसले. तुम्हाला कळणार कसं, हा प्रश्न सोडून द्या; तुम्ही होतात तेव्हाही आपल्यात फार बोलणं नव्हतं, तरी तुम्हाला सगळं कळायचंच. तर ज्या गाण्यामुळे बालाघाटपासून कटंगीपर्यंत लोक अजून तुमचं नाव काढतात, ते गाणं मी नव्यानं मिक्स केलं आणि जिथे तुम्ही वर चढता तिथे तुम्हाला धरून खाली बसवलं. चुकून नाही, ठरवून केलं. माफी मागायचा माझा विचार नाही.

बसस्टँडच्या मागे माझी भाड्याची खोली आहे, लोक तिला स्टुडिओ म्हणतात. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, त्यामुळे उन्हाळ्यात आत बसलं की भट्टीत बसल्यासारखं होतं. लग्नाची गाणी, दुकानांच्या जाहिराती, निवडणुकीत रिक्षावर वाजवायच्या घोषणा, जे येईल ते करते. पोरं येतात, हिंदीत सांगतात, दीदी, आवाज ऐसा बनाना कि पूरा मोहल्ला हिल जाए. मी हौ म्हणते आणि मला बरोबर वाटेल ते करते. हा हट्ट कुणाचा, ते तुम्हाला सांगायला नको. आई तर येताजाता सांगते.

तुम्हाला आपल्या बालाघाटकडच्या खैरलांजीचा कार्यक्रम आठवतो का, मला माहीत नाही. मला मात्र तो पुसता येत नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि अॅम्प्लिफायरजवळ बसायला कुणी नव्हतं म्हणून तुम्ही मला बसवलं होतं. संध्याकाळ उतरतेय, मंडपात माणसं दाटलीत, तुम्ही उभं राहून गाताय. तुमची ती रीत मी जवळून बघतेय: वरचा सूर लावताना माइक हातभर लांब नेता, खालच्या ओळीला ओठांशी आणता. तुमच्या मागे बायका कोरस देतात. त्यांच्यात मिळून एकच माइक, स्टँडवर ठेवलेला, आणि आई त्याही मागच्या रांगेत, कारण गायकाच्या बायकोनं पुढे बसायचं नाही अशी आपल्या गायन पार्टीची पद्धत. बायकांचं काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या माइकचं बटन वर केलं. माइकनं शिट्टी मारली, लोक हसले, आणि तुम्ही गाणं थांबवून, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं माइकवरच म्हणालात, “आवाज लहान-मोठा गळ्यानं होते, बटनानं नाही. बंद कर तो माइक.” मी बंद केला. बायका पुढची सगळी गाणी बंद माइकसमोर गायल्या.

पुढच्या महिन्यात तुम्ही गोंदियाहून मला हेडफोन आणून दिलेत. दिलेत म्हणजे खाटेवर ठेवलेत आणि खाणीच्या पाळीवर निघून गेलात. आई म्हणाली, बाबानं तुह्यासाठी आणलं. शेजारच्या खोलीत तुमची झोपमोड होऊ नये म्हणून आणलेत, की मी हे काम शिकावं म्हणून, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मी ते कानाला लावले आणि शिकले.

आता तुमच्या त्या वाक्याला उत्तर देते. ते इतकी वर्षं तयारच आहे. माझ्याकडे कॉम्प्रेसर नावाची सोय आहे. दूध वर यायला लागलं की आई गॅस बारीक करते, खाली बसलं की परत वाढवते. तसं हे आवाजाचं करतं. मी एक पातळी ठरवते. आवाज तिच्या वर गेला की तेवढ्यापुरता तो खाली घेतला जातो, परत आला की सोडला जातो. मोठ्यातलं मोठेपण असं आटोक्यात आलं की सगळंच गाणं थोडं वर उचलता येतं, आणि जे हळू होतं ते ऐकू यायला लागतं. तुम्ही माइक लांब नेत होतात ते काय वेगळं होतं? हेच होतं, हातानं केलेलं. तुम्हाला ते सुंदर जमायचं, त्याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण एवढंच की तुमचा माइक तुमच्या हातात होता. मागच्या रांगेतल्या बाईनं गळ्यानं आवाज किती मोठा करायचा होता, बाबा? माइकपर्यंत पोचायलाच तिला चार बायका ओलांडाव्या लागत होत्या.

गोष्ट सुरू झाली ती कॅसेटवरून. लामत्याच्या शाळेत तुम्ही ते गाणं टेप केलं होतं, नागपूरच्या पाहुण्यांच्या स्टीरिओ डेकवर. एक माइक तुमच्या हातात, तो डाव्या बाजूला गेला. दुसरा बायका आणि ढोलकीच्या मध्ये, तो उजव्या. वीज नव्हती, म्हणून मागच्या शेतात जनरेटर घरघरत होता. पुढे विहारात ती कॅसेट वाजवायची ठरली, तर तिथल्या अॅम्प्लिफायरला जागा एकाच वायरची. कुणीतरी डावी लावली आणि उजवी तशीच लोंबत सोडली. त्यातूनच मग मोबाइलवर उतरवलं, एकानं दुसऱ्याला दिलं, आणि अख्ख्या जिल्ह्यानं वर्षानुवर्षं अर्धं गाणं ऐकलं. तुम्ही एकटे गाताय आणि ढोलकी कुठल्यातरी लांबच्या गावात वाजतेय. कुणालाच काही कमी आहे असं वाटलं नाही, हे मला जास्त लागतं.

आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्यानंतर झालं, नागपूरला. जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलते ते जवळ बसल्याशिवाय कळत नाही. माझ्या मुलीला वाटतं की आजी जन्मापासून अशीच बोलते. एकदा आईनं तिला सांगितलं की मी आजोबाच्या पार्टीत गात होती, तर पोरगी खो खो हसली. तिचा दोष नाही, तिनं मोबाइलवर तेच अर्धं गाणं ऐकलंय. आईही हसली. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, लाटणं तिथेच टाकलं. त्या कॅसेटची उजवी बाजू सोडली तर आईचा आवाज आता जगात कुठेही नाही.

यंदा जयंतीला विहारात तुमचं गाणं नव्यानं वाजवायचं ठरलं आणि ढोलकीवाले काका कॅसेट घेऊन माझ्याकडे आले. तुमच्या पार्टीतल्या पुरुषांत आता तेच उरलेत आणि त्यांचा शब्द चालतो. त्यांना मी दोन्ही बाजू ऐकवल्या. उजव्या बाजूची स्वतःची ढोलकी ऐकून ते खुर्चीत ताठ झाले. मग म्हणाले, ढोलक राहू दे, मागची कचकच काढून टाक. कचकच म्हणजे जनरेटर, असं मी समजले. त्यांच्या मते बायकाही त्यातच. लोकांना तुह्या बाबाचा आवाज पायजे, पंधरा बायांचा गोंधळ कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आणि ते करणं सोपं होतं. कॉम्प्रेसरच्या उलट काम करणारा एक्सपांडर असतो. जे हळू आहे त्याला तो आणखी हळू करतो, मोठं आणि लहान यांतलं अंतर वाढवतो. उजव्या बाजूला तो लावला की ढोलकीची थाप जोरकस, म्हणून ती राहते; घरघर हळू, म्हणून जाते; आणि बायका घरघरीपेक्षा थोड्याच वर, म्हणून त्याही जातात. मी लावून बघितला. स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ की तसंच दिलं असतं तर सगळ्यांनी पाठ थोपटली असती. आईच्या ओळीचा शेवटचा अक्षरभर भाग गेला, मग ती श्वास घेते तो गेला, मग ती गेली. मी तो एक्सपांडर काढला, घरघर परत येऊ दिली, आणि ठरवलं की ज्यांना घरघर सहन होत नाही त्यांनी घरी बसावं.

मग मी उलट्या बाजूनं काम केलं. तुम्हाला खाली घेतलं. काकांच्या ढोलकीला पण घेतलं, पण तिचा मान ठेवून: थापेचा पहिला फटका पूर्ण येऊ दिला आणि मागचा घुमारा तेवढा धरला, म्हणजे दोन थापांच्या मधल्या जागेत बायका उभ्या राहू शकतील. धरलेला आवाज घाईनं सोडला तर गाणं धापा टाकतं, उशिरा सोडला तर मरगळतं. हे जमेपर्यंत मी इतर सगळी कामं बाजूला टाकली आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी एका दुपारी तुमच्या ओळीनंतर कोरस आला आणि त्यात, मागून, एक पातळ, थोडा नाकातला, सुराला घट्ट आवाज वेगळा ऐकू आला. मी खुर्चीवरच बसून रडले. मग तोंड धुऊन काकांना फोन केला.

काकांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “बाबाले लहान केलं तू,” ते म्हणाले. मी म्हटलं, “लहान नाही केलं काका, बाकीच्याइच्या बरोबरीनं आणलं.” ते म्हणाले की असं असेल तर ते गोंदियाहून करून आणतील. मी म्हटलं, कॅसेट माझ्या बापाची आहे आणि आवाज माझ्या आईचा, दोन्ही मिळणार नाहीत, तुम्ही मोबाइलवरचं अर्धं वाजवा. मी काकांशी असं बोलेन हे त्यांना वाटलं नव्हतं, मलाही नव्हतं. ते टोपी हातात फिरवू लागले. मग त्यांनी एक तोड काढली: आईला ऐकव, ती हौ म्हणाली तर हेच वाजवू. आई नाही म्हणणार, याची त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती.

आईला रिक्षानं आणलं. हेडफोन लावून दिला. पहिल्याच कडव्याला तिनं भुवया वर केल्या आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, “त्याइले इतकं खाली काहून केलं?” मी म्हटलं, तू ऐकू यावी म्हणून. कोरस आला. ती कान लावून एकेक बाई ओळखायला लागली, ही कटंगीची, ही तर वारली, हिचा सूर नेहमी घसरत जायचा. मग ती स्वतःच्या मांडीवर बोटांनी ताल धरू लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, काका दाराकडे.

एक गोष्ट मला सुटत नव्हती, ती मी तिला तेव्हाच विचारली. शेवटची ओळ तुम्ही लांबवता, सगळ्या बायका तुमच्यासोबत असतात, पण तिथे उजवी बाजू एकटी लावूनही आई सापडत नव्हती. मला वाटलं, टेप खराब असेल. आई म्हणाली, “तिथं मी नाहीच. दर वेळी तिथं मी गाणं सोडून त्याइले ऐकत होती.” हेडफोन काढून तिनं माझ्या हातात दिला आणि काकांकडे वळून म्हणाली, “हौ. हेच लावा. तेवढी एक ओळ त्याइची त्याइले राहू दे.”

जयंतीच्या सकाळी ते वाजलं. अंगणात बसलेल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. माझी मुलगी आजीकडे बघतच राहिली आणि मग उठून तिच्या मांडीला मांडी लावून बसली. काका लोकांना सांगत होते की थाप कशी खणखणीत आलीय बघा. शेवटच्या ओळीला तुमचा आवाज सुटला आणि विहाराच्या छताला जाऊन लागला, तेव्हा आई डोळे मिटून ऐकत होती.

पण तेवढ्यानं तुम्ही बरोबर ठरत नाही, बाबा. तिनं ऐकलं ते तिच्या मनानं. तिचा माइक बंद केला तो तुम्ही, आणि तुमच्या मागे सगळ्या जिल्ह्यानं. उद्या परत ती कॅसेट माझ्यासमोर आली तर मी परत हेच करीन. हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही आणि ठेवणारही नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती ओळ तुमची राहू दे असं आईनं सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, मशीनवर दोन-चार बटनं दाबल्यासारखं केलं आणि झालं म्हटलं. बदलायचं काही नव्हतं. त्या ओळीला मी पहिल्या दिवसापासून कॉम्प्रेसर लावलाच नव्हता.