नऊ नंबरचा फोटो कुणाचा

१४ नोव्हेंबर २०१८
प्रविण माझ्या फोटोच्या दुकानात आला. 'लाखनी क्लिक परिवार' या फेसबुक ग्रुपचा हा ॲडमिन. म्हणाला, खुशालभाऊ, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या फोटोंची स्पर्धा ठेवली हाये, जज तुमी. मी लगेच हो म्हटलं नाही. आधी विचारलं, मीच काहून? तर म्हणे, साकोलीचा जीवन स्टुडिओवाला स्वतः भाग घेऊन राहिला, म्हणून उरले तुमी. 'उरले' हा शब्द मला खटकला. पण जबाबदारी मोठी आहे. स्वीकारली.

सानगडीचे राईस मिलवाले पुंडलिकराव ग्रुपवर आहेत. त्यांच्या रुचिताचं लग्न फेब्रुवारीत आहे. फोटो, व्हिडिओ, ड्रोन, अल्बम, सगळं एकालाच देणार. रेट विचारायला फोन केला तेव्हा म्हणाले, स्पर्धा होऊ द्या, मंग पाहू कोण कसा हाये ते. हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. ही एक ऑर्डर मिळाली तर पासपोर्ट फोटो आणि आधार कार्ड लॅमिनेशन यातून दुकान वर येईल. नाही मिळाली तर बायको, हर्षा, म्हणते तसं अर्धं दुकान मोबाईल रिचार्जवाल्याला द्यावं लागेल.

१५ नोव्हेंबर
संकल्प. फोटो कुणाचा हे बघायचं नाही. फोटो बघायचा. आधी चांगलं सांगायचं, मग चूक सांगायची. बोलायचं ते फोटोवर, माणसावर नाही. हे नियम गेल्या वर्षी मीच ग्रुपवर टाकले होते. दोघांनी लाईक केलं होतं, त्यातला एक मीच.

१७ नोव्हेंबर, दुपार
फोटो आले. नावं काढून टाकली आहेत, फक्त नंबर. पहिले काही बघून झाले. दंडार, आकाशपाळणा, पुन्हा आकाशपाळणा, फुगेवाला. चार नंबर चांगला आहे. दंडारीतले नाचे, मागे मिलचं धुराडं, एकदम शार्प.

नऊ नंबरला थांबलो. एक बाई जिलेबीच्या दुकानापुढे उभी आहे आणि हसते आहे. कुणाकडे बघून ते दिसत नाही. समोरचे दोन दात पुढे आलेले, डोळे मिटलेले, हातातला कागद तिरपा झालेला. बाई ओळखीची नाही. बघताना मलाच हसू आलं. दुसऱ्यांदा बघितला, पुन्हा आलं. नऊमध्ये काहीतरी आहे. बहुतेक पहिला नंबर.

१८ नोव्हेंबर
आज जीवन दुकानावरून गेला आणि हसला. सात वर्षांत हा माणूस माझ्याकडे बघून हसलेला नाही. का हसला?

विचार केला. परीक्षकाला कुणाचा फोटो हे माहीत नसेल तर तो निःपक्ष कसा राहणार? ज्याची बाजू घ्यायची नाही तो कोण, हे कळायला नको का? तेव्हा नावं शोधणं हे न्यायाचंच काम आहे. नियम मोडत नाही, नियमाच्या मुळाशी जातो आहे.

१९ नोव्हेंबर
प्रविणला बसस्टँडजवळ आलूबोंडा खाऊ घातला. दोन प्लेट. वर चहा. नाव एकही सांगितलं नाही. म्हणे, सांगतलं तं स्पर्धा कायची राह्यली. तिसरी प्लेट मात्र स्वतःहून मागितली. त्याच्या गाडीला नवीन सीटकव्हर आहे. कुणी दिलं?

२० नोव्हेंबर
पुरावे जमले.

चार नंबर: महागडा कॅमेरा. मागे सानगडीच्या मिलचं धुराडं. पुंडलिकरावांनी रुचिताला दिवाळीत कॅमेरा घेऊन दिल्याचं तिनेच ग्रुपवर टाकलं होतं. म्हणजे चार नंबर रुचिताचा. यात शंकेला जागा नाही.

नऊ नंबर: फ्रेम डावीकडे कललेली. जीवनचे सगळे फोटो डावीकडे कलतात, लग्नात नवरदेव घसरेल की काय असं वाटतं. फोटो मोबाईलवर काढलेला आहे. आणि इथेच तो पकडला गेला. जीवनसारखा कॅमेरावाला मोबाईलवर फोटो का काढेल? मला कळू नये म्हणून. इतका धूर्त माणूस जिल्ह्यात दुसरा नाही.

हर्षाला सांगितलं. तिने नऊ नंबर हातात घेतला, बराच वेळ पाहिला, म्हणाली, किती मोकळी हासून राह्यली वं बाई. मग मला म्हणाली, तुमाले फोटो पाहाचा हाये का चोर पकडाचा हाये? स्त्रियांना तांत्रिक बाजू समजत नाही.

२१ नोव्हेंबर
नऊ नंबर पुन्हा पाहिला. हसू आलं. बळी पडायचं नाही. हीच तर जीवनची चाल आहे.

२२ नोव्हेंबर
समीक्षा लिहून झाली. चार नंबरला: 'अशी नजर देवाघरची देणगी असते. या कलाकाराच्या हाती कुठलंही मंगलकार्य निर्धास्त सोपवावं.' मंगलकार्य हा शब्द मुद्दाम टाकला. पुंडलिकरावांना इशारा पोचेल की मुलीची कला ओळखणारा माणूस इथे बसला आहे.

नऊ नंबरला नियमाप्रमाणे आधी चांगलं लिहिलं: 'फोटोला चारही कोपरे आहेत.' मग: 'बाईचे दात फ्रेमच्या बाहेर येतील अशी भीती वाटते. हसण्याला काही मर्यादा असावी. असा चेहरा काढण्याआधी फोटोग्राफरने तोंड मिटायला सांगायला हवं होतं.' शेवटचा नंबर.

वाचून समाधान वाटलं. तीव्र आहे, पण फोटोवर आहे, माणसावर नाही.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
निकाल लागला. नावं जाहीर झाली.

चार नंबर, पहिला: जीवन, साकोली.
नऊ नंबर, शेवटचा: रुचिता पुंडलिकराव, सानगडी.

हे शक्य नाही. प्रविणने नंबर बदलले आहेत. सीटकव्हर!

२५ नोव्हेंबर, जेवणानंतर
रुचिताने माझ्या समीक्षेखाली लिहिलं आहे. 'ही माझी आई. ऑपरेशननंतर वर्षभराने पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. जिलेबीवाल्याने ओळखलं नाही म्हणून हसली. कॅमेरा काढायला वेळ नव्हता, मोबाईलवर घेतला. तिला फोटो आवडला होता म्हणून पाठवला.'

बस, एवढंच. एकही शिवी नाही. हे जास्त संशयास्पद आहे.

खाली लोक हसणारे चेहरे टाकत आहेत. माझ्यावर हसतात की दातांवर, कळत नाही. आंधळगावच्या कुणीतरी दातांचं स्टिकर बनवलं.

२६ नोव्हेंबर
समीक्षा बदलली. 'मर्यादा असावी' काढून 'मनमुराद' घातलं. फेसबुकने खाली 'एडिटेड' लिहिलं, आणि जुना मजकूरही बघायला मिळतो म्हणे. प्रविणला फोन केला, म्हटलं सगळं उडव. म्हणाला, भाऊ, स्टिकर तं लोकायच्या मोबाईलमंदी गेलं, ते कसं उडवू.

हर्षा म्हणते, सानगडीले जा अन् त्या बाईची माफी मागून या. बसने अर्धा तास लागतो. पण परीक्षकाने माफी मागितली तर स्पर्धेला किंमत काय राहील? शिवाय लोक म्हणतील ऑर्डरसाठी गेला. बदनामी नको. गेलो नाही.

३ डिसेंबर
हायवेवर, माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर फ्लेक्स लागला. जीवनचा फोटो, हातात कॅमेरा. खाली: 'या कलाकाराच्या हाती कुठलंही मंगलकार्य निर्धास्त सोपवावं. — ज्येष्ठ परीक्षक खुशालभाऊ, लाखनी.' माझं नाव त्याच्या नावापेक्षा बारीक. एका ट्रक ड्रायव्हरने ते वाचून मला जीवनच्या दुकानाचा पत्ता विचारला. सांगितला.

१८ डिसेंबर
पुंडलिकरावांचा फोन. मी स्पर्धेतल्या तांत्रिक घोळाबद्दल बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, काही नाही जी, राग नाही. पण आमच्या घरचे लोक लय हासतेत, तुमाले जमाचं नाही. ऑर्डर जीवनला दिली.

यामागे कोण आहे हे मला ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी २०१९
जीवनचा फोन. म्हणे, लग्नात सेकंड कॅमेरा पाहिजे, बायकांच्या बाजूचा, येता का? मला सेकंड कॅमेरा! मी हो म्हटलं, पण का ते लिहून ठेवतो. एक, जीवन चुका कशा करतो ते जवळून बघता येईल. दोन, मनात काही नाही हे लोकांना दिसेल. तीन, अर्ध्या दुकानात परवापासून रिचार्जवाला बसतो आहे.

१० फेब्रुवारी
सानगडी. मोठा मांडव. जीवनचे फोटो अजून डावीकडे कलतात.

सुलोचनाबाईंना, म्हणजे नऊ नंबरच्या बाईंना, मी टाळत होतो. त्याच स्वतः चहा घेऊन आल्या. खुशालभाऊ, च्या घेतला का? मी चेहरा वाचायचा प्रयत्न केला. राग नव्हता. टोमणाही नव्हता. मी बराच वेळ शोधला.

रुचिताला हळद लावून झाली. कुणीतरी काहीतरी बोललं आणि बायका खो खो हसल्या. सुलोचनाबाई सगळ्यांत पुढे होत्या. मी कॅमेरा वर केला. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला.

मी म्हटलं, काकू, हसा ना. म्हणाल्या, नाही जी, दात दिसतेत.

म्हटलं, दिसू द्या. त्या पदराआडूनच म्हणाल्या, तुमी लिवलं ते खरंच हाये नं भाऊ. मले आधी कोनं सांगतलंच नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. माफी मागायची होती. मागे जीवन ओरडत होता, काढा लवकर, लाईट जाऊन राह्यला. पोरीच्या हळदीला आई उभी होती आणि वाट बघत होती.

मी फोटो काढला. तोंडावर पदर आहे. फोकस बरोबर आहे.