दुसरा ठोका

प्रिय चिमणे,

आधी खुशाली. जेवतेस ना वेळेवर? मी ठीक आहे. काल बाबांच्या शिलाई मशीनला तेल दिलं. चालवणारं कुणी नाही, पण गंजू द्यायला जीव होत नाही. खडूचा डबा अजून जागच्या जागी आहे, त्यावरची धूळ तेवढी पुसते.

तुझे बाबा म्हणजे नसत्या उठाठेवीचा माणूस, हे मी संसारभर म्हणत आले. दुकानासमोर पोलिसांच्या गाड्यांचं आवार, फाटक अरुंद, गाड्या उलट्याच बाहेर काढाव्या लागत. त्यासाठी माणूस नेमायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग हेच हातातलं कापड टाकून मापाची लाकडी पट्टी घेऊन धावायचे. पत्र्यावर एक ठोका म्हणजे येऊ दे, लागोपाठ दोन म्हणजे थांब. ड्रायव्हरांचा आरशापेक्षा त्या पट्टीवर भरवसा. मी म्हणायची, आता पगारही मागा की सरकारकडे. नुसते हसायचे.

त्या सकाळी पलीकडच्या वस्तीत दंगल उसळली. शिपाई धावत गाडीत चढत होते, ढाली पत्र्यावर आपटत होत्या. बाबांनी दोन ठोके दिले, मी खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हरपर्यंत एकच पोचला. मागे आपल्याच दुकानाची भिंत होती. पुढचं मला लिहवत नाही.

परवा आपल्या दाव्याचा निकाल लागला. वकीलसाहेबांनी तुला फोनवर सांगितला असेलच, तरी मला समजला तसा सांगते. दंगल शमवणं हे राज्य चालवणाऱ्याचं काम, त्यात माणूस मेला तर सरकारवर दावा चालत नाही. तीच गाडी साहेबांचं घरचं कपाट पोचवायला निघाली असती, तर म्हणे चालला असता. मला हसूच आलं गं. बाकावर शेजारी बसलेल्या कुणीतरी बाईने हाताला धरून बाहेर आणलं.

पैशासाठी मी कोर्टाची पायरी चढले नव्हते, तुला ठाऊक आहे. आमचं चुकलं, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. पोलिसांचे साहेब घरी आले, हळहळले, त्यांची बदली झाली, नवे आले. सगळे भले लोक, पण ते एक वाक्य त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही.

आता वकीलसाहेब म्हणतात, सरकार सुटलं तरी ड्रायव्हर सुटत नाही, त्याच्या एकट्यावर दावा लावू. तुझंही तेच म्हणणं, आई, तू साक्ष दे. बाबा गेल्यावर काही दिवसांनी तो टोपी हातात धरून दारात उभा राहिला होता. वहिनी, मास्तर मागे आहेत म्हणून मी आरशात बघितलंच नाही, चूक माझी, असं म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. ते ऐकणारी मी एकटी. म्हणूनच हे पत्र लिहायला बसले. मी साक्ष देणार नाही. त्याला माफ केलं असं समजू नकोस. तो अजून येतो, मी चहा ठेवते आणि पाठ करून उभी राहते. पण एवढ्या मोठ्या सरकारात चूक माझी म्हणणारा एकच निघाला, आणि आपण त्यालाच धरायचं? रागावशील, रागाव. पण तो ते मला सांगायला आला होता, कोर्टाला नाही.

तुझीच,
आई