चार-दहाचं विमान

३ मार्च
पोचलो एकदाचा! ही वही देताना ताईने बजावलं होतं, रोज चार ओळी खरड, नाहीतर चौथीपर्यंत शिकलास तेही विसरशील. तर ताई, नोकरी झकास आहे. टेकडीवर एकच खोली, छपरावर तारेचं भलंमोठं गोल कडं, आणि ते फिरवायचं चाक आत टेबलाशी. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र. बिनतारी सांभाळणारे म्हातारे आहेत, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माझे कान निरखून म्हणाले, एवढे मोठे आहेत म्हणजे काम जमेल.

९ मार्च
काम कळलं. ढगात वाट चुकलेला पायलट दिशा मागतो आणि लांब शिटी देतो. आपण कानावर ऐकायचा फोन चढवून चाक फिरवायचं. शिटी जिथे अगदी बंद पडते त्या रेषेवर विमान. मोठी येते तिथे नाही, हं! पण ती दोन जागी बंद पडते, समोर आणि बरोबर पाठीमागे. खरी बाजू कुठली ते काळं बटण दाबल्यावर कळतं. अर्धं मिनिट जातं. मास्तर म्हणाले, जेवायला विसरलास तरी चालेल, काळं बटण विसरायचं नाही. पायलटशी बोलायची टकटकीची भाषाही शिकवतायत.

२ एप्रिल
कंटाळा. विमानं कायम डोंगराकडूनच येतात, मग बटण कशाला? मास्तरांना म्हटलं तर म्हणाले, तू काय त्यांचा जावई लागून गेलास, तुला विचारून यायला?

१४ एप्रिल
मास्तर दाढ काढायला गावात गेले होते. चार वाजून दहा मिनिटांनी टपालाच्या विमानाने दिशा मागितली. सगळीकडे ढग. मी डोंगराची बाजू धरली, सरळ पश्चिमेला ये म्हणून कळवलं. बटण दाबलं नाही. त्याने आभार मानले.

पाव तासाने त्याने पुन्हा मागितली. शिटी मोठी व्हायला हवी होती, बारीक झाली होती. तेव्हा बटण दाबलं. तो ढगातून आमच्या डोक्यावरून कधीच पुढे गेला होता. मी त्याला समुद्रात पाठवत होतो. उलटा फिर, उलटा फिर, टकटकत राहिलो. त्याला ऐकू गेलं नसावं. तो दिशाच मागत राहिला. पाच-चाळीसला शिटी थांबली.

नोंदवहीत लिहिलं, आज कोणी दिशा मागितली नाही.

१९ एप्रिल
शोध थांबवला. डोंगरात शोधत होते. मी ब्र काढला नाही. विमानात तो एकटाच होता म्हणे. काही वाटत नाही. वाटायला हवं, एवढं कळतं. जेवलो, भांडी घासली, झोपलो.

२६ एप्रिल
चार-दहा. शिटी. मग टकटक, दिशा द्या. टकटकायची ढब तीच, तोच हात. इंधन फार तर पाच तासांचं होतं. आज बारा दिवस झाले. मास्तरांना फोन दिला. म्हणाले, नुसती खरखर आहे, ऊन लागलंय तुला, डोक्यावर पाणी मार.

२९ एप्रिल
रोज येतो. रागावत नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ मे
बटण दाबून पाहिलं. समुद्राकडेच आहे. अजून पुढे जातोय, मी सांगितलं त्या बाजूला.

२ मे
आज खरी दिशा दिली. पूर्वेला ये. त्याने आभार मानले. मग चहा केला.

४ मे
शिटी मोठी झालीय. फोन काढून ठेवला तरी येते—

५ मे
आज मास्तरांनीही ऐकली. नोंदवही काढून चौदा तारखेचं पान माझ्यापुढे धरलं. सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग विचारलं, परत बोलावलंस का त्याला? हो म्हटलं. त्यांनी उठून दाराला कडी घातली. मी चहा ठेवला.

६ मे
चार वाजून पाच. इंजिनाचा आवाज. ऊन आहे, आभाळ मोकळं, दिसत काहीच नाही. मास्तर बाहेर पळाले—

चार-आठ. चाक कुठेही नेलं तरी शिटी बंद पडत नाही. आता दिशा मागत नाही. विचारतोय, खिडकीत लिहीत बसलाय तो कोण. मी, म्हणून कळवलं.

हलू नकोस म्हणतो. तुझ्यावर नजर धरून सरळ येतो—

मास्तर बाहेरून ओरडतायत, पळ, अरे पळ लेकरा. काचा वाजतायत. मी हललो नाही. या खेपेला तरी त्याला बरोब