पाटल्या वहिनीला, सोमवार मला

आई, आज सोमवार आहे आणि मी सकाळी साडेआठला नाचणीची भाकरी, मुळ्याची भाजी आणि एक उकडलेलं अंडं खाल्लं. सून गॅसपाशी उभी होती. म्हणाली, "आई, सोमवार आहे हो." मी म्हटलं, "ठाऊक आहे. कॅलेंडर माझ्याच भिंतीवर आहे." ती टरफलं कागदात गुंडाळायला लागली, तेव्हा म्हटलं, "गुंडाळतेस कशाला? चोरी नाही केली मी." बोलले खरी, पण पहिला घास गिळताना मान आपोआप मागे वळली. बासष्ट वर्षांची बाई मी, रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे तीस वर्षं खानावळ चालवलेली, अरेला कारे करणाऱ्या गिऱ्हाइकांना जेवू घालून गप्प केलेली, आणि भीती कोणाची, तर तुझी. तुला जाऊन त्रेचाळीस वर्षं झाली.

तुझं दुखणं काय होतं ते गावात कोणाला कळलं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी मानलं नाही. तुझा चेहरा भरला तेव्हा बायका म्हणाल्या, नवऱ्याची बोटीवरची कमाई अंगाला लागली. आवाज घोगरा झाला, फणीत केसांचे पुंजके यायला लागले, मे महिन्यात सगळे घामाने निथळत असताना तू घोंगडी पांघरून बसायचीस. आणि झोप. दुपारची भांडी घासून झाली की तू भाताच्या कणगीमागे जाऊन आडवी व्हायचीस आणि मला उंबऱ्यावर राखणीला बसवायचीस. "आजी आली की खोक गो बाय." मी खोकायचे. आजी मला खोकल्यावर आल्याचा काढा द्यायची, तोही मी निमूट प्यायचे. एकदा तू मला जत्रेला सोडलं नाहीस, त्याचा राग मनात धरून मी खोकलेच नाही. आजी थेट आत गेली. "मला वाटलं कणगीमागे घूस शिरली. ही तर आमची राणी निजलीय! दिवसाढवळ्या! आमच्या वेळी पायांना उसंत नव्हती हो." तू उठलीस, पदर सावरलास आणि कळशी घेऊन विहिरीवर निघालीस. जाताना माझ्याकडे बघितलंही नाहीस. चार धपाटे घातले असतेस तर मी कधीच विसरले असते.

त्याच वर्षी बाबा सुट्टीवर आले आणि तुला मुंबईला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने गळ्याला बोटं लावून बघितलं आणि सांगितलं, इथली ग्रंथी मंदावलीय, गोळी जन्मभर घ्यावी लागेल. तपकिरी काचेची बाटली घेऊन तुम्ही परत आलात. बोटीवर परत निघताना बाबांनी ती बाटली तुझ्या हातात नाही दिली, माझ्या हातात दिली. मी बारा वर्षांची. "रोज सकाळी उठल्याबरोबर आवशीला एक. आणि पत्रात मला लिहायचं." तुला अक्षरओळख नव्हती. बाबांना जाणारी पत्रं तू सांगायचीस, मी लिहायचे. त्यांची आली की मी वाचायचे, तू ऐकायचीस. घरातलं टपाल म्हणजे मीच.

पहिल्याच सोमवारी तू हात मागे घेतलास. "आज नको. उपास आहे. त्या गोळीत काय काय घातलेलं असतं कोणास ठाऊक." मी म्हटलं, "बाबा ओरडतील." तू हसलीस. "बोटीवरून ऐकू येईल होय ओरडणं? तू लिहू नको म्हणजे झालं." सोमवार बाबांच्या बोटीसाठी होता. गुरुवार माझ्या लग्नासाठी, चतुर्थी दादाच्या परीक्षेसाठी, एकादश्या घरची रीत म्हणून, आणि वर नवरात्राचे नऊ दिवस. प्रत्येक उपासाला कोणाचं तरी नाव होतं, आई. तुझ्या नावाचा एकही नव्हता. म्हणजे आठवड्यातले जेमतेम चार दिवस गोळी तुझ्या पोटात जायची, आणि बाकीचे दिवस तू आम्हा सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून सुजत होतीस.

मी एकोणीस वर्षांची असताना नवरात्रात तुला ताप आला. घोटभर दूध आणि रताळ्याचा तुकडा, एवढ्यावर तू माळा मोजत राहिलीस. सातव्या माळेला बोलताना शब्द शोधायला लागलीस. आठव्या दिवशी दुपारी आम्हाला जवळ बोलावलंस. दादाचं लग्न नुकतंच वैशाखात झालेलं. हात इतके सुजले होते की पाटल्या साबण लावून काढाव्या लागल्या. त्या तू वहिनीच्या हातात चढवल्यास. मग माझ्याकडे वळलीस, आणि मी हात पुढे केला होता, आई. खोटं कशाला बोलू, केला होता. तू तो हात धरलास आणि म्हणालीस, "माझे सोमवार तू पुढे चालव गो." पाटल्या वहिनीला, सोमवार मला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू निजलीस ती उठलीच नाहीस. आजी आल्या-गेल्याला सांगत होती, "पुण्यवान बाई. माळा पुऱ्या करून गेली." जिवंतपणी घूस, मेल्यावर पुण्यवान.

वहिनीने त्या पाटल्या मोडून नव्या घडणीच्या करून घेतल्या. मी सोमवार होते तसेच ठेवले, चाळीस वर्षं. पन्नाशीला साखर निघाली, पंचावन्नला थायरॉईड. आरशात चेहरा भरलेला दिसला तेव्हा मला वाटलं, तूच येऊन उभी राहिलीस. गावची एक बाई तोंडावर म्हणाली, "आवशीच्या वळणावर गेलीस गो." गोळ्या घ्यायचे, पण उपासाला नाही. का नाही, तर तू घेत नव्हतीस. उपासाला साबुदाणा, बटाटा आणि तीन वेळा गोड चहा. दुसऱ्या दिवशी तपासावं तर साखर माडाच्या शेंड्यावर. दीड वर्षापूर्वी एका सोमवारी हाताच्या सवयीने साखरेची गोळी गिळली आणि वर नुसता कोरा चहा घेतला. अकराच्या सुमाराला भाकऱ्या थापताना डोळ्यांपुढे अंधार आला, आणि कोपर तापल्या तव्यावर टेकलं. तो डाग अजून आहे.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "मावशी, गोळ्या नियमित घेता ना?" म्हटलं, "अगदी नियमित. उपास सोडून." "उपास किती?" मी बोटांवर मोजायला लागले. एक हात संपला, दुसरा संपला, तिने पेन खाली ठेवलं. "आणि टेन्शन?" मी म्हटलं, "बाई गो, खानावळवालीला टेन्शन विचारणं म्हणजे कोळणीला माशाचा वास येतो का विचारणं." ती हसली, पण सोडलं नाही. जेवता कधी, विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर, तीन वाजता, उरलं असेल ते. झोपता कधी? अंथरुणाला पाठ लागते, झोप लागत नाही. मग ती मला समजेल असं बोलली. साबुदाणा म्हणजे पोटात साखरेचं पोतं फोडणं. उपाशी राहून जिवाला घोर लावला की साखर आणखी भडकते. आणि शेवटी म्हणाली, "मावशी, थायरॉईडची गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते. नुसत्या पाण्याबरोबर. उपासाला चालते ती. खुशाल घ्या."

बाहेर येऊन बाकावर बसले ती बसलेच. शेजारची बाई विचारते, "रिपोर्ट वाईट आला काय हो?" मी म्हटलं, "नाही. उशिरा आला."

तेव्हापासून उठल्याबरोबर पाणी आणि गोळी, चहा तासाभराने. भात मुठीएवढा, बाकी ताटात भाजी, कुळथाचं पिठलं, मिळाला तर बांगडा. जेवते बाराला, गिऱ्हाइकांच्या आधी. पहिल्या दिवशी वाटलं, घास कोणाच्या तरी तोंडचा काढून घेतलाय. संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत चालते. दुपारी तासभर पडते, दार सताड उघडं टाकून, आणि खोकायला कोणाला उंबऱ्यावर बसवत नाही. सुनेला सांगून ठेवलंय, तुला दमल्यासारखं वाटलं तर तूही पड, या घरात कणगी नाही. साखर उतरलीय. गळा हलका झालाय. जिने चढते. हे काही कोणत्या देवाने केलं नाही, आई. वेळेवर जेवले आणि गोळी चुकवली नाही, एवढंच.

डॉक्टरणीला मी तुझ्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "कोण सांगणार आता? ताप होता, अंगात आजार मुरलेला होता, एकाच गोष्टीने माणूस जात नाही." चांगली पोरगी आहे, मला वाचवत होती. मी तुझ्यावर इतकी वर्षं रागावले, कारण रागावायला तू सोपी होतीस. आता जे सांगायला बसले ते सांगते. बाबांना दर पत्रात शेवटी एक ओळ जायची, "आई औषध रोज घेते." ती तू एकदाच सांगितली होतीस. पुढची सगळी मी न सांगता लिहिली. कारण उपासाच्या खिचडीच्या कढईची खरपूस खरवड आपल्या घरात दादाची असायची, आणि त्या सोमवारपासून ती तू मला देत होतीस. गप्प बसल्याबद्दल. घरात दादाच्या वाटणीचं मला मिळालेलं ते एकच.

आणि बाबांचं एक पत्र आलं होतं. त्यात होतं, "बोटीवरच्या डॉक्टरला विचारलं. उपासाला ही गोळी चालते. आवशीला सांग." तू पाटावर बसून तांदूळ निवडत होतीस. मी त्या ओळीपाशी आले, थांबले, आणि ती गाळून पुढची वाचली. नंतर ते इतकं खोल पुरलं की माझ्या स्वतःच्या गोळीच्या वेळीही वर आलं नाही. त्या बाकावर बसल्यावर आलं.

हे पत्र घडी करून गोळ्यांच्या डब्याखाली ठेवते. पाठवायचं कुठे? आणि तू असतीस तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. कणगीचं वाचलं असतं, पाटल्यांचं तर मोठ्याने वाचलं असतं. बाबांच्या त्या ओळीपाशी आले असते, तर पुन्हा पुढची वाचली असती.