एका घंटीला थांबायचं

प्रिय श्रीधर,

तू आतल्या खोलीत झोपला आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे लिहिते आहे. समोर मी तुला 'अहो' म्हणते, पत्रात 'तू'. लग्नाआधी तू ट्रेनिंगला होतास, तेव्हा दीड वर्ष आपण पत्रांतूनच बोलत होतो, तेव्हापासूनची ही सवय. पहाटेची गाडी करून दमून आला आहेस, अजून तासभर तरी उठणार नाहीस. मी शाळेत रजा कळवली आहे. चहा दोनदा केला, दोन्ही वेळा तसाच गार झाला.

एकतीस तारखेचं तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. युनिफॉर्म धोब्याकडे दिलास. सुयशला न्यू टाउनच्या ऑफिसातून रजा काढायला लावलीस. तुझी डिझेलची डेमू गाडी त्या दिवशी शेवटची धावणार आणि ती तूच नेणार, असं तू अख्ख्या कॉलनीला सांगून मोकळा झालास. पहिल्या दिवशीही तूच होतास आणि मी सुयशचा हात धरून प्लॅटफॉर्मवर उभी होते. त्याआधी त्या फाट्याच्या मार्गावर इंजिन जोडलेली पॅसेंजर चालायची. शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं, यातच अर्धा तास जायचा. डेमूला दोन्ही टोकांना केबिन. तू नुसती पिशवी उचलून या टोकाकडून त्या टोकाला चालत गेलास, आणि गाडी उलटी निघाली, याचंच लोकांना केवढं नवल. इथल्या रीतीनं बायकांनी जीभ हलवून शुभाचा उलूध्वनी केला, कुणीतरी काचेला सिंदूर लावला. खाली उतरून तू मला म्हणालास, "इंजिन अगदी पाठीशीच आहे गं. बसल्या जागी हाडं वाजतात." तू हसत होतास, म्हणून मीही हसले.

सतरा वर्षं ते इंजिन तुझ्या पाठीशी होतं. मधे एक पत्र्याची भिंत आणि एक दार, ते दारही दोन-तीन वर्षांत खिळखिळं झालं. तू कानात कापसाचे बोळे घालायला लागलास. तेव्हा तुमचं शेड भरलेलं असायचं. तीनाच्या सात गाड्या झाल्या, मासळीवाल्या, भाजीवाल्या, कॉलेजची मुलं सगळी डेमूवर. मग रुळांकडेला खांब उभे राहिले. तारा आल्या की त्या मार्गावर विजेची लोकल यायची आणि तुमच्या गाड्या आणखी आतल्या फाट्यावर ढकलल्या जायच्या. काही दुसऱ्या विभागाला दिल्या. उरलेल्यांपैकी एकीचे पार्ट काढून दुसरीला लावत गेलात. आता दोनच आहेत, त्यातली एकच चालते. तू घरी येऊन हे सांगायचास तेव्हा मी ऐकत असे, आणि तुझा आवाज वर्षावर्षाला चढत चाललाय हे मला कळत असे.

कुकरच्या शिट्ट्या तुला मोजता येईनात. रिक्षात तू नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायला लागलास, म्हणजे उजवा कान माझ्याकडे येईल. सुयश फोनवर काही सांगायचा आणि तू भलत्याच जागी "बरं, बरं" म्हणायचास. शेवटी मीच तुला डमडम स्टेशनजवळच्या त्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आलेख काढून समोर ठेवला. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. "मशिन लावा," म्हणाले, "आणि काम काय करता?" तू म्हणालास, "क्लार्क आहे." मी शेजारीच बसले होते. मी आलेखाची घडी करून पिशवीत ठेवली.

त्यापुढचं तर माझंच काम होतं. रेल्वेच्या तपासणीला तीन आठवडे होते. मी व्हरांड्याच्या त्या टोकाला उभी राहायचे, तू या टोकाला. मी कुजबुजत आकडे म्हणायचे, आधी हिंदीत, मग बांगलात, आणि तू माझे ओठ वाचायचास. पंचवीस वर्षं पोरांना शिकवते आहे, पण इतकं मन लावून कुणाला शिकवलं नसेल. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तोंडापुढे कागद धरला नाही. तू पास झालास. येताना मिष्टीचा डबा आणलास आणि आपण दोघांनी तो खाल्ला. त्याला चार वर्षं झाली. तू गाडीवर गेलास की मी देवापाशी दिवा लावते, आणि त्या दिव्यापुढे मला मान वर करता येत नाही.

आता गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारचं. तू मला सांगितलंस ते इतकंच, की एका हॉल्टवर एक बाई पडली, हात मोडला, घंटी बिघडली होती. रविवारी तू ड्युटीवर असताना विहंगदा आले होते. आठ वर्षं तुझ्या गाडीच्या मागच्या टोकाला गार्ड म्हणून असलेला माणूस, पण आपल्या घरी खुर्चीच्या कडेवर बसला आणि पाण्यालाही हात लावला नाही. मला ते इथल्यासारखं बौदी, म्हणजे वहिनी, म्हणतात. म्हणाले, "बौदी, घंटी चांगली होती." मी विचारलं, "मग?" त्यांनी सगळं सांगितलं. बाई चढली, तिची पाच वर्षांची मुलगी खाली राहिली. गाडी हलली होती. त्यांनी एक घंटी दिली. एक घंटी म्हणजे थांबायचं, दोन म्हणजे निघायचं, हे मलाही पाठ आहे. तू थांबला नाहीस. त्यांनी परत दिली, मग परत. वॉकी-टॉकीवर ओरडले. बाईनं चालत्या गाडीतून उडी टाकली, आणि विहंगदांनी आपल्या टोकाचा ब्रेक ओढला तेव्हा तिचे पाय प्लॅटफॉर्मच्या कडेखाली लोंबत होते. मुलगी प्लॅटफॉर्मवर उभी राहून आईला हाका मारत होती.

"मी रिपोर्टात घंटी वाजली नाही असं लिहिलं," ते म्हणाले. "दादांच्या नोकरीची सहा वर्षं राहिली आहेत, मला वाटलं निभावून जाईल. पण आता त्यांनी अर्णवला धरलंय."

तुमच्या शेडमधला अर्णव रोज पहाटे गाडी निघण्याआधी ती घंटी तपासून सही करतो. त्याला नोटीस मिळाली, कामावरून घरी बसवलं. त्या रात्री जेवताना मी मुद्दाम त्याचा विषय काढला, तुझ्याकडे तोंड करून, सावकाश. तू म्हणालास, "चौकशी होईल आणि मिटेल. चांगला फिटर आहे, त्याला काही होणार नाही." आणि पोळी मोडत राहिलास. तुला ठाऊक होतं, श्रीधर. घंटी ऐकू आली नाही आणि घंटी वाजली नाही यातला फरक तुझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? मी तुला भित्रा कधी समजले नाही. आजही समजत नाही. पण त्या दिवसापासून तू जेवताना माझ्याकडे बघत नाहीस, आणि न बघता तुला माझं बोलणं कळत नाही, म्हणजे आपलं बोलणंच थांबलं आहे.

तेव्हापासून मला एकतीस तारीख दिसते. गाडीला हार, दोन्ही बाजूंना माणसं, पोरं फोटो काढायला रुळांवर उतरलेली, कुणी दाराला लोंबकळणारं, कुणी मागून धावणारं. मागे विहंगदा घंटी देताहेत आणि पुढे तू एकटा, त्या खिळखिळ्या दारापुढे, सगळे आपल्याला हात करताहेत म्हणून खुशीत. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातात राहतो आणि पुढचा शब्द आठवत नाही. तू म्हणतोस, एकतीसपर्यंत जाऊ दे, नंतर विजेची गाडी, तिची केबिन शांत असते, सगळं ऐकू येईल. येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही. तू तेव्हा दुसरीकडे बघत होतास.

मी आज सकाळी शाळेत गेलेच नव्हते. तू गाडीवर असताना तुमच्या ड्युटी लावणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात गेले होते. कपाटातल्या पेटीतून तो आलेख काढून नेला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. अर्णवची घंटी चांगली होती, हे सांगितलं. व्हरांड्यातल्या त्या तीन आठवड्यांचंही सांगितलं, ते मी शिकवलं होतं म्हणून माझ्याच तोंडून जायला हवं होतं. विहंगदा बाहेर बाकावर बसून होते, माझ्यानंतर ते आत गेले आणि रिपोर्ट बदलून देतो म्हणाले. साहेबांनी मला पुन्हा आत बोलावलं. मग म्हणाले, उद्यापासून तुला गाडी मिळणार नाही, पुन्हा तपासणी होईल, चौकशीही होईल, त्यातून काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही. नोकरी बहुतेक राहील, बसून करायचं काम देतील. एकतीसला दुसरा ड्रायव्हर असेल. चार वाजता त्यांचा माणूस पत्र घेऊन येणार आहे आणि तुला सही करायची आहे. तो आधी आला असता तर तू दारातच उभा राहून त्याच्या ओठांकडे बघत सगळं समजून घेतलं असतंस, आणि मी केलंय हे तुला परक्याकडून कळलं असतं. तू माझ्याकडे बघत नाहीस, तेव्हा तोंडानं सांगायचं तर मला ओरडून सांगावं लागलं असतं, आणि शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेलं असतं. म्हणून हे पत्र. आता साडेतीन झालेत. मी तुला हलवून उठवणार आहे, हे तुझ्या हातात देणार आहे आणि तू वाचत असताना समोर बसणार आहे. रागाव, काय बोलायचं ते बोल. मी उठून जाणार नाही.

तुझीच,
आशा