टॉर्च आणि त्याचा सख्खा भाऊ

गुरुजी, तुमच्या चुलीपुढं बसून शिकलेला एक शब्द आज माझ्यावरच उलटलाय, आणि विचारायला तुम्ही नाहीत.

तेव्हा मी तुमच्याकडे दुधाचा रतीब घालायचो. तुम्ही एकटे, भाकरी स्वतःच थापायचात. मी उंबऱ्यात टेकायचो आणि रोज एक इंग्रजी शब्द मागायचो. त्या दिवशी विचारलं, "बॅटरीला टॉर्च कावून म्हनतेत, गुरुजी?" तुम्ही पिठाच्या हातानं वाळलेल्या गवताची मूठ उचलली, तिला पीळ दिला आणि चुलीत धरली. "सैल गवत भुर्रकन जातं. पिळलेलं तग धरतं, त्याचीच मशाल. लॅटिनमध्ये पिळण्याला जो शब्द होता, त्यातनं टॉर्च आला. बॅटरी लई नंतरची." मी किटली उचलून निघालो, तर मागून ओरडलात, "अर्धंच नेऊ नको बे! टॉर्चरबी त्यातनंच आलाय. सख्खे भाऊ हायेत दोघं." मी हसण्यावारी नेलं.

त्या गवताच्या पिळावर मी दूध संस्था उभी केली. पहिल्याच सभेत म्हणालो, "सुटे राहिलात तर भुर्रकन जाल." टाळ्या पडल्या, चेअरमन झालो. पुढं प्रत्येक दुष्काळात तेच भाषण, आणि दरवेळी ते चाललं. यंदाही म्हणालो, जनावरं विकू नका, चारा मी आणतो. चारा आलाच नाही. आष्टीच्या बाजारात गाईला गिऱ्हाईक होतं तेव्हा मी लोकांना अडवलं. आता गिऱ्हाईकही उरलं नाही.

काल एक विधवा सभासद ऑफिसात आली. तिची एकुलती एक गाय दावणीलाच गेली. रडली नाही. म्हणाली, "दादा, तुमी म्हनले म्हून विकली न्हाई. लई पिळलं आमाला. आता पीळ सोडा की."

माझे कान तिखट, असं तुम्हीच म्हणायचात. त्या दुसऱ्या भावाचा आवाज मी लगेच ओळखला.

उद्या सभा आहे. ज्याला जिकडं जायचं तिकडं जनावरं घेऊन जा म्हटलं, तर संस्था संपते. थांबा म्हटलं, तर आणखी गोठे रिकामे होतात. सकाळपासून भाषण लिहायला बसलोय आणि लिहितोय हे. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र पोस्टात टाकलं नसतं. गवताची ती गोष्ट इतकी वर्षं मी माझीच म्हणून सांगितली. तुमचं नाव घेतलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, गुरुजी आणखी काय म्हणाले?