दोऱ्याचा फोन

आबा, मागच्या आठवड्यात मी तुमचा फोन पुन्हा बनवला. मुलीच्या शाळेत टाकाऊतून टिकाऊ वस्तू करून आणायला सांगितलं होतं. ती पाचवीत आहे. शाळा ही असली कामं पोरांना देते आणि ती पडतात आईबापांच्या गळ्यात. बायको म्हणाली, रिकाम्या बाटलीची फुलदाणी करा आणि मोकळे व्हा. मला मात्र ते दोन कोन आठवले. लूमच्या खात्यातून, मागांच्या कारखान्यातून, निघताना मी सूत संपलेले पुठ्ठ्याचे दोन कोन पिशवीत टाकले. टाकताना शेठ बघत नाही ना, हे आधी पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं. त्या कोनांना कुत्रंही विचारत नाही, तरी आपल्या घरात चोरासारखंच आणायची पद्धत.

तुम्ही तो फोन बनवलात तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं. आपल्या गोडादऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ उघडला होता. काचेच्या खोक्यात उभी राहून माणसं गावाकडे, धुळ्या-अमळनेरला, घसा ताणून बोलायची आणि आम्ही पोरं काचेला नाकं लावून बघायचो. मला फोन हवा होता. रडून रडून मी घर डोक्यावर घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मायला कणकेची खळ शिजवायला लावलीत, संक्रांतीच्या उतराणचा उरलेला पतंग फाडलात आणि त्याचा कागद दुहेरी करून कोनांच्या रुंद तोंडांवर ताणून चिकटवलात. मधोमध सुईने भोक, त्यातून दोरा, आत आगकाडीच्या तुकड्याला गाठ. दोऱ्यावरून मेणबत्ती फिरवलीत. मग कागदावर नख मारून तुम्ही कोन कानाला न लावता गालाला लावलात आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, फोन असाच तपासतात.

मी माझा कोन घेऊन दाराबाहेर पळालो. भिंतीआडून विचारलं, आबा, ऐकू येतंय का? तुम्ही म्हणालात, हां, हां. मी म्हटलं, मला सायकल घ्या. हां, हां. म्हटलं, उद्यापासून शाळेत जात नाही. हां, हां. मी हरखून गेलो, मग धीर करून एक शिवी दिली. तुम्ही तिलाही हां म्हणालात. तेव्हा मात्र मी रागारागाने आत आलो. तुम्ही कोन उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, "लाईन खराब शे. दारमागून काय बोलस? मन्हा समोर उभा ऱ्हाय." मग आपण खोलीत समोरासमोर उभे राहिलो, दोरा ताणला, आणि फोन झकास चालला. माय भाकरी थापता थापता हसली, "समोर उभं ऱ्हाईसन बोलतस, मंग फोन कशाले?" तुम्हीही हसलात. तुम्ही सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत होतात, हे मला कळायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

मी डबा घेऊन खात्यात यायचो ना, ते अजून अंगावर येतं. आत पाऊल टाकलं की छातीत काहीतरी धडधडायला लागायचं आणि ते आपलं काळीज आहे की मशीन, हे समजायचं नाही. कारीगर एकमेकांशी बोटांनी आणि ओठांनी बोलतात. तुम्ही लूमच्या लोखंडावर तळहात ठेवून उभे आहात, हाताला काहीतरी चुकल्यासारखं लागतं आणि तुम्ही बरोबर त्या जागी वाकता. कोणीतरी कानात सुताचा बोळा घालायला सांगितलं तर तुम्ही उडवून लावलंत, "कानमा बोळा घाला त मशीन काय म्हनस ते कसं समजी?" सगळे हसले. तुमच्याइतका भरवसा मी कोणाचा आपल्या हातावर पाहिलेला नाही. उधन्याच्या बाजूला जाताना पटरी ओलांडायची वेळ आली की तुम्ही वाकून रुळावर हात ठेवायचात. मलाही ठेवायला लावायचात. गाडी येत असली की लोखंड हाताला सांगतं, असं म्हणायचात. मला ती जादू वाटायची.

त्या सकाळीही तुम्ही हात ठेवलात. तुमच्या मागून येणारा कारीगर घरी येऊन सांगत होता, त्याने पाहिलं. तुम्ही अलीकडच्या रुळावर हात ठेवलात, निवांत उभे राहिलात, चालू लागलात, आणि गाडी पलीकडच्या दुसऱ्या लाईनवर होती. "मी बोंबलत होतो," तो मायला पुन्हा पुन्हा सांगत होता, "भोंगा वाजत होता, मी बोंबलत होतो, त्यांनी मान पण नाही वळवली." सगळी गल्ली म्हणाली, ध्यान नव्हतं बिचाऱ्याचं. मायही तेच म्हणत राहिली. बहिरा हा शब्द आपल्या घरात कोणी उच्चारला नाही. त्यानंतर घरात एक कायदा झाला आणि तो मी माझ्या पोरीलाही लावला. कितीही उशीर होवो, पटरीखालच्या बोगद्यातून, गरनाळ्यातूनच जायचं, पटरीवर पाय ठेवायचा नाही. गरनाळ्यात गुडघाभर पाणी असलं तरी.

दहावीनंतर मी त्याच कामाला लागलो. लागणारच होतो. आता लूम दुरुस्त करतो, मला मास्टर म्हणतात, नव्या मशिनी आल्यात, आवाज तोच आहे. तर त्या दिवशी फोन तयार झाला. खळ, पतंगाचा कागद, आगकाडी, सगळं तुमच्यासारखं, आणि पोर खूश. ती कोन घेऊन जिन्यात पळाली. मी कोन कानाला लावला. काहीच नाही. मला वाटलं कागद ढिला राहिला. नख मारून पाहिलं, चांगला ताणलेला होता. मग माझा हात आपोआप खाली आला, कोन गालाला टेकला, आणि गालाला बारीक थरथर लागली. ती बोलत होती, आबा. ती बोलत होती आणि माझ्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. इतकी भीती मला तुम्हाला उचलून आणलं तेव्हाही वाटली नव्हती. थरथर थांबली, म्हणजे आता माझी पाळी. मी म्हणालो, हो, हो. पुन्हा थोडीशी थरथर झाली. मी पुन्हा म्हणालो, हो. ती जिन्यातून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, फोन आवडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारीण सांगत आली की तुमची पोर पटरीवरून येताना दिसली, मैत्रिणींबरोबर, रुळावरून उड्या मारत. बायकोने तिला दारातच धरलं. पोर रडली नाही. ती माझ्याकडे बोट दाखवून शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "पप्पा, तमे ज तो हा पाडी हती!" तुम्हीच तर हो म्हणालात. फोनवर तिने विचारलं होतं, सगळ्या जातात, मीही पटरीवरून जाऊ का? मग तिने विचारलं, खरंच? तर मी पुन्हा हो म्हणालो. ती माझ्यासमोरच उभी होती, शब्दन् शब्द मला नीट कळला. तोंडावर विचारायची तिला हिंमत नव्हती, म्हणून तिने खेळात विचारलं. बायको माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "मी? पटरीवरून जा असं मी म्हणेन?" या घरात या वाक्यापुढे कोण काय बोलणार? बायकोने तिच्या थोबाडीत मारली, खोटं बोलते म्हणून. मी कोपऱ्यात बसून ताट ओढलं आणि जेवलो.

ती खरं बोलत होती, हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. बाप बहिरा होत चाललाय हे तिला कळण्यापेक्षा बाप खोटारडा आहे असं वाटलेलं मला चाललं. तुमच्यावर मी वर्षानुवर्षं मनात चिडलो होतो, एकदा तरी सांगायचं होतं, आम्ही हाताला धरून नेलं असतं. आता कळतं, का नाही सांगितलंत. सांगितलं की माणसं ओरडून बोलायला लागतात आणि शेठ दुसरा मास्टर बघायला लागतो. रोज ठरवतो, आज बायकोला सांगू, आणि रोज तिच्यासमोर बसतो, तिच्या ओठांकडे बघतो आणि सगळ्याचं बरोबर उत्तर देतो.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. आज दुपारी शिकवणीला निघताना पोर दाराबाहेर चपला घालत होती. पाठमोरी होती. वाकल्या वाकल्याच तिने मला काहीतरी विचारलं. आवाज शेवटी वर गेला, एवढंच मला कळलं. मी हो म्हणालो.